पीटीएसडी: घरच्यांनी आधी काय करायचं, नंतर काय, आणि काय अजिबात करायचं नाही

पीटीएसडी म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, जिवावरच्या धक्क्यानंतर महिन्याहून जास्त टिकणारा मानसिक आजार. मी इंदूरात मनोविकाराच्या ओपीडीत सोशल वर्करचं काम करते. पेशंट डॉक्टरांकडे जायच्या आधी माझ्या टेबलाशी बसतो, सोबत घरचे असतात आणि मी हिस्टरी लिहून घेते. त्या हिस्टरीत एक गोष्ट इतक्यांदा दिसते की म्हटलं आता लिहूनच टाकावं. घरच्यांनी काळजी भरपूर घेतलेली असते, पण क्रम उलटा झालेला असतो. अपघात झाल्या झाल्या, जेव्हा माणसाला शांत राहू द्यायचं असतं, तेव्हा "बोल, मन मोकळं कर" म्हणून मागे लागतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तो खरंच बोलायला बघतो तेव्हा "आता जुनं कशाला उकरतोस" म्हणून गप्प बसवतात. झोपेची गोळी पहिल्याच आठवड्यात चालू, डॉक्टर सहाव्या महिन्यात, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध पंधरा दिवसांत बंद, का तर फरकच पडला नाही.

म्हणून खाली सगळं क्रमानं लिहिलंय. उदाहरणं मुख्यतः रोडच्या अपघाताची घेतलीत कारण इकडे तीच सगळ्यात जास्त येतात, पण आग, मारहाण, अत्याचार, पूर, काहीही असो, टप्पे बहुतेक हेच.

सुरू करायच्या आधी: प्रकरण पीटीएसडीचं आहे का?

हल्ली बॉस ओरडला, ब्रेकअप झालं, नीटचा रिझल्ट बिघडला की लगेच "ट्रॉमा झालाय" म्हणतात. त्रास या सगळ्यानं होतो, डिप्रेशनसुद्धा येतं आणि त्यालाही ट्रीटमेंट लागते, पण पीटीएसडी म्हणायला मागे तशीच घटना असावी लागते: जीव जातोय असं वाटलं, गंभीर जखम झाली, लैंगिक अत्याचार झाला. हे स्वतःवर आलेलं असेल, डोळ्यांदेखत दुसऱ्यावर आलेलं असेल, किंवा अगदी जवळचं माणूस अपघातात वा हिंसेत गेल्याचं कळलं असेल. ज्यांचं कामच असं असतं की रोज हेच बघायचं, म्हणजे ॲम्ब्युलन्सवाले, पोलीस, मृतदेह काढणारे, त्यांनाही होतो.

आपल्याकडचंच बघा. ३० मार्च २०२३, रामनवमी, बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात बावडीवरचा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचा) स्लॅब खचला आणि ३६ लोक गेले. अशा घटनेत खाली पडून वाचलेला माणूस तर सगळ्यांना दिसतो, पण रस्सी धरून वर ओढणारा शेजारी, काठावर उभी राहून नुसतं ऐकणारी बाई, बातमी फोनवर कळलेला मुलगा, हे कुणाच्या लक्षातच येत नाहीत. "तुला काय झालंय, तू तर वरच होतास" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

आयसीयूत काढलेले दिवस, हार्ट अटॅक, जिवावर बेतलेलं बाळंतपण, यानंतरही होऊ शकतो. आणि उलट बाजूनं हेही लक्षात असू द्या की घटना कितीही भयंकर असली तरी बहुसंख्य लोकांना पीटीएसडी होत नाही, पहिले काही आठवडे हलल्यासारखे जातात आणि मग माणूस हळूहळू सावरतो. त्यामुळे तिसऱ्याच दिवशी निदान ठोकून मोकळे होऊ नका.

टप्पा १: पहिले आठ-दहा दिवस

या दिवसांत काम फक्त एवढंच, की माणूस सुरक्षित आहे, जेवतोय, थोडंफार झोपतोय आणि एकटा नाहीये. ट्रीटमेंट वगैरे अजून काही नाही.

१. आधी शरीर बघा. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर चिडचिड, विसरभोळेपणा, डोकेदुखी, उलटी, जास्तच झोप असं काही दिसलं तर ते "टेन्शन" समजून घरी बसू नका, पुन्हा डॉक्टरांना दाखवा. डोक्याच्या आतल्या माराची आणि पीटीएसडीची लक्षणं एकमेकांत मिसळतात.

२. भेटायला येणाऱ्यांना आवरा. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल पण माझ्या मते पहिल्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. राजेंद्र नगरात काय नि सुदामा नगरात काय, कुणाचा अपघात झाला की अख्खी कॉलनी येणार, पोहे होणार, चहा होणार आणि प्रत्येक जण कॉटशी बसून म्हणणार, "हं, सांग बरं नक्की कसं झालं?" दिवसाला पाच वेळा तीच गोष्ट, पहिल्यापासून. मग पुढचा म्हणतो हेल्मेट होतं का, तिसरा म्हणतो तरी मी सांगत होतो रात्रीचं निघू नको. घरातला एक माणूस नेमा, त्यानं बाहेरच्या खोलीतच सगळ्यांना काय झालं ते दोन वाक्यात सांगायचं आणि आत जाताना स्पष्ट बजावायचं की त्या विषयावर विचारू नका, मॅचबद्दल बोला.

३. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर ऐका. मधे तोडू नका, सल्ला नको, "देवाची कृपा म्हणून वाचलास" पण नको, विशेषतः बरोबरचा कुणी गेला असेल तर. आणि बोलायचं नसेल तर सोडून द्या. घटनेनंतर लगेच माणसाला बसवून एकदाच सगळं वदवून घेतलं की पुढचा त्रास टळतो असं पूर्वी मानत, आता ते करू नये असाच सल्ला दिला जातो, कारण त्यानं फायदा दिसत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो.

४. व्हिडिओ डिलीट करा. अपघाताचे फोटो, क्लिप, सीसीटीव्ही, फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. त्याच्या फोनमधून आधी काढा.

५. पोलिसांचा जबाब, क्लेमचे कागद यासाठी घटना एकदा नीट लिहून ठेवा, तारीख-वेळेसकट, आणि पुढे जिथे जमेल तिथे तो कागद पुढे करा म्हणजे तेच तेच तोंडानं सांगावं लागत नाही.

सावधान: मेडिकलवरून झोपेची गोळी आणू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही नावं आता घराघरात माहीत आहेत, कुणाच्या तरी आजीची स्ट्रिप असतेच. यांची सवय लागते, पीटीएसडी यानं बरा होत नाही आणि बरं होण्यात अडथळा येऊ शकतो. दारूचंही तेच, "दोन पेग घे, झोप लागेल" म्हणणारा मित्र असतोच असतो. आणि जर गोळी आधीच रोज, बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करण्यातही धोका आहे, फिट येऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायची.

टप्पा २: पहिला महिना, वही घालायची

कॅलेंडरवर घटनेची तारीख गोल करा. निदानासाठी एक महिना हा आकडा महत्त्वाचा आहे. तीन दिवसांनंतर आणि एक महिन्याच्या आत जो जोरदार त्रास असतो त्याला डॉक्टर अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात. एक महिन्याच्या वर लक्षणं टिकली आणि कामधंदा, घर, नाती यात अडचण यायला लागली तर मग पीटीएसडीचा विचार होतो. म्हणजे महिनाभर हातावर हात ठेवून बसायचं असं नाही हं. त्रास जास्त असेल तर आधीच जा, त्या काळातही उपचार असतात. पण या महिन्यात घरच्यांनी करायचं मुख्य काम म्हणजे नोंद.

साधी शाळेची वही चालेल. चार प्रकारच्या गोष्टी बघायच्या:

पहिला प्रकार, घटना पुन्हा पुन्हा घुसते. स्वप्नं, जागेपणी एकदम तेच डोळ्यांसमोर, किंवा एखादा आवाज-वास आला की छाती धडधडणं, घाम. आठवण येणं वेगळं आणि हे वेगळं, इथे माणूस काही क्षण खरोखर तिथेच परत गेलेला असतो.

दुसरा, टाळाटाळ. तो रस्ता नको, गाडी नको, त्या मित्राचा फोन नको, पेपरमधली अपघाताची बातमी आली की पान उलटतो. हा प्रकार घरच्यांच्या सगळ्यात कमी लक्षात येतो कारण बाहेरून माणूस शांत दिसतो, आणि घरचे खूश, की चला विसरला.

तिसरा, मन आणि विचार. "माझ्यामुळेच झालं", "कुणावर भरवसा नाही", कशात रस नाही, मुलांनी मिठी मारली तरी आतून काहीच वाटत नाही. घटनेतला महत्त्वाचा भाग आठवतच नाही, असंही होतं.

चौथा, सतत अलर्ट. दचकणं, चिडणं, झोप नाही, लक्ष लागत नाही, रात्री तीनदा उठून दाराची कडी बघणं, हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसणं.

नोंद कशी करायची? "आज मूड खराब होता" याचा काही उपयोग नाही. ही बघा कामाची नोंद: "मंगळवार, संध्याकाळी साडेसात. गल्लीत टेम्पोनं ब्रेक मारला. हातातला कप सुटला, भिंतीला टेकून खाली बसले, घाम, दहा मिनिटं बोलले नाहीत. नंतर जेवले नाहीत. रात्री दोनला ओरडून उठले, पुन्हा झोप नाही." कधी, आधी काय झालं, काय केलं, किती वेळ टिकलं, नंतर काय. चार ओळी. डॉक्टरांना अशा आठ-दहा नोंदी दिल्यात तर तासाभराचं काम दहा मिनिटांत होतं.

वही त्या माणसापासून लपवून लिहू नका. सांगून लिहा, जमलं तर त्यालाच लिहू द्या. ज्याला आधीच कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटतंय त्याला उशीखाली स्वतःवरची गुप्त डायरी सापडली तर काय होईल कल्पना करा.

लहान मुलांचं वेगळं असतं. ती सांगत नाहीत, खेळतात. खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा आपटणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू, आईला सोडून बाथरूमलाही न जाणं, शाळेत पोट दुखणं. घरातल्या वयस्कर मंडळींत बऱ्याचदा अंगदुखी, छातीत भरून येणं अशा तक्रारी पुढे येतात आणि बाप्यांमध्ये राग आणि दारू. "स्वभावच तापट झालाय" म्हणून ते तसंच चालू राहतं.

एक चेक: महिना झाला, सगळं ठीक दिसतंय, तरी वही फेकू नका. काही जणांत लक्षणं पूर्ण स्वरूपात यायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. प्लास्टर निघालं, कामावर गेला, सगळ्यांनी हुश्श केलं आणि मग सुरू झालं, असं होतं.

थांबा, इथे वाट बघायची नाही: जगण्यात अर्थ नाही, माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल असं बोलणं, निरोपाच्या भाषेत मेसेज, वस्तू वाटून टाकणं, गोळ्या साठवणं, किंवा दुसऱ्याला इजा करायची भाषा. महिना झाला की नाही हे बघू नका. एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, फिनाइल, कीटकनाशक, दोर, धारदार वस्तू हलवा, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्यानं डोक्यात कल्पना येते ही समजूत चूक आहे. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा थेट जवळच्या कॅज्युअल्टीत. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि सहसा शिक्षा होत नाही.

टप्पा ३: कुणाकडे जायचं आणि काय घेऊन

इथे गडबड अशी होते की लोक आधी फिजिशियन, मग न्यूरो, मग हार्टवाले, मग कुणी सांगितलं म्हणून बाबा, मग दृष्ट काढणं, आणि शेवटी आमच्याकडे. दृष्ट काढा, शनिवारी मारुतीला तेल वाहा, खजराना गणपतीला जा, त्यानं कुणाचं वाईट होत नाही आणि घरच्यांनाही धीर येतो. फक्त त्यासाठी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका. आणि अंगारा-धुपारा करणारा मारत असेल, कोंडत असेल, गोळ्या बंद करायला लावत असेल तर तिथून उठा.

१. निदानासाठी सायकियाट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर, किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, विचारण्यात काही गैर नाही. आठ दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावलेले "माइंड कोच" भरपूर झालेत. सरकारीत जायचं तर एमवायच्या (महाराजा यशवंतराव हॉस्पिटलच्या) मानसोपचार ओपीडीत किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात. बाणगंगा म्हटलं की लोक दचकतात, "म्हणजे आता हा पागलखान्यात?" ओपीडीत दाखवून औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतात हो. कुठे जायचं काहीच सुचत नसेल तर १४४१६ वरच विचारा, ते जवळचं ठिकाण सांगतात.

२. पिशवीत काय: ती वही, अपघाताची डिस्चार्ज समरी, डोक्याचा सीटी झाला असेल तर रिपोर्ट, सध्या चालू सगळी औषधं पानांसकट (आयुर्वेदिक, होमिओपॅथीसुद्धा), दारू-तंबाखू किती ते खरं. आधी कधी डिप्रेशन किंवा दुसरा मोठा धक्का बसलेला असेल तर तेही लिहून.

३. आत कोण जाणार? आधी पेशंट एकटा, मग घरचे. हे तुम्ही ठरवून जा, कारण नाहीतर होतं असं की डॉक्टर विचारतात "कैसा लग रहा है" आणि उत्तर सासरे देतात. बायका तर नवऱ्यासमोर अर्धं सांगतच नाहीत. अत्याचाराचं प्रकरण असेल तर एकटं बोलू देणं हा नियमच समजा. कायद्यातले काही अपवाद सोडले तर तिथं सांगितलेलं गुप्त ठेवायला डॉक्टर बांधलेले आहेत.

४. भाषा. आपण इंदूरची मंडळी घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि डॉक्टरांशी एकदम शुद्ध हिंदी बोलायला जातो. त्यात मग "थोड़ी घबराहट होती है" एवढंच निघतं आणि खरी गोष्ट राहून जाते. मराठीत सांगायचं असेल तर सांगा, नसेल समजत तर सोबतचा माणूस सांगेल. थेरपीसाठी तर मराठी समजणारं कुणी मिळतंय का ते जरूर बघा, घाबरताना माणूस ज्या भाषेत ओरडतो त्याच भाषेत तो खरं सांगतो असा माझा अनुभव आहे.

तिथे कदाचित एक प्रश्नावली देतील, पीसीएल-५ नावाची. २० प्रश्न, गेल्या महिन्याबद्दल, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर आलं तर पीटीएसडीची शक्यता धरून पुढे तपासतात. हीच नेटवर भरून स्वतःच निदान करून येणारे आता खूप झालेत. ४० आले म्हणजे झालाच असं नाही आणि २५ आले म्हणजे नाहीच असंही नाही, निदान मुलाखतीवर होतं.

टप्पा ४: ट्रीटमेंट चालू झाल्यावर

पीटीएसडीचा मुख्य उपचार बोलून करायचा आहे, तेही घटनेवर नेमकं काम करणारी थेरपी, नुसतं "पॉझिटिव्ह रहा" नाही. मुख्य तीन ऐकायला मिळतील.

प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर: साधारण ८ ते १५ सेशन, बहुधा आठवड्याला एक, बऱ्याचदा दीड तासाचं. यात सुरक्षित खोलीत, थेरपिस्टसमोर, घटना वर्तमानकाळात सांगायची, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, आणि टाळलेल्या जागांवर पायरी-पायरीनं परत जायचं. दुसरी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, साधारण १२ सेशन, "मी ब्रेक आधी मारला असता तर", "मीच त्याला मागे बसवलं" अशा अडकलेल्या विचारांवर लिहून काम. तिसरी ईएमडीआर, ज्यात घटना मनात धरून थेरपिस्टच्या हालत्या बोटांकडे किंवा तशाच इशाऱ्यांकडे लक्ष द्यायचं असतं.

आता कुणी म्हणेल, पहिल्या टप्प्यात तर बोलायला लावू नका म्हणालात, आणि इथे तेच करतायत? फरक आहे. कॉटशी बसून काका-मामा विचारतात ते म्हणजे रोज खपली काढून बघणं. थेरपीत माणूस स्वतः तयार होऊन, ठरलेल्या वेळी, पुरेसा वेळ देऊन, भीती उतरेपर्यंत त्या आठवणीत थांबतो आणि मगच उठतो. अर्धवट उकरून सोडलं तर फक्त भीतीच पक्की होते.

थेरपिस्टला पहिल्याच दिवशी विचारा: पद्धत कोणती, अंदाजे किती सेशन, घरी काय करायचं, फरक कशावरून मोजणार. नीट उत्तर मिळत नसेल आणि दहा सेशन नुसत्या गप्पा चालल्या असतील तर दुसरीकडे बघायला हरकत नाही.

सावधान: पहिल्या काही सेशननंतर स्वप्नं, बेचैनी वाढू शकते. नेमकं इथेच घरचे म्हणतात "बघ, हिला जास्तच झालं" आणि थेरपी सोडतात. सोडायच्या आधी थेरपिस्टला फोन करून सांगा.

औषधांचं थोडक्यात. बऱ्याचदा सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन देतात, स्वप्नांसाठी कधीकधी प्राझोसिन. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, जुलाब, बेचैनी होऊ शकते आणि फायदा दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्त. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर, म्हणून तर लोक पंधराव्या दिवशी स्ट्रिप फेकतात. बरं वाटल्यावरही कित्येक महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात, एकदम बंद केलं तर चक्कर, करंटसारखे झटके, चिडचिड असं होतं. पंचविशीच्या आतल्या पेशंटवर पहिल्या आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांसाठी जास्त लक्ष ठेवा. लैंगिक इच्छा कमी होणं हा साइड इफेक्ट असतो, लाजेखातर सांगत नाहीत आणि परस्पर गोळी बंद करतात. सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

पैशाचं: २०१७ च्याच कायद्यात आहे की विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच चालतात, ओपीडी आणि सेशनचा खर्च आपल्याच खिशातून, तर आधी पॉलिसी वाचा.

टप्पा ५: घरची प्रॅक्टिस, म्हणजे शिडी

हे थेरपिस्टला विचारूनच करायचं. राजेंद्र नगरहून बाइकवर पीथमपूरला कारखान्यात जाणारा एक माणूस समजा, एबी रोडवर ट्रकनं मारलं, पाय जुळला पण आता गाडीवर बसत नाही. त्याची शिडी काहीशी अशी होते:

१. पार्किंगमध्ये बंद बाइकवर बसणं.
२. बाइक चालू करून जागेवर बसणं, आवाज ऐकत.
३. कॉलनीच्या आत एक चक्कर, सकाळी सहाला.
४. मेन रोडच्या कडेला उभं राहून ट्रक जाताना बघणं.
५. रविवारी सकाळी राऊपर्यंत, मागे भाऊ बसलेला.
६. तेच, एकट्यानं.
७. अपघात झाला ती जागा, दिवसा, थांबून.
८. शिफ्टच्या वेळी पीथमपूर.

प्रत्येक पायरीला भीती ० ते १०० मध्ये मोजायची. सुरुवात चाळीसच्या आसपासच्या पायरीनं. पायरीवर थांबायचं ते भीती निम्म्यावर येईपर्यंत, नव्वदवर असताना पळून आलात तर डोकं एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. तीच पायरी रोज, कंटाळा येईपर्यंत, मग पुढची. आणि हो, शिडी फक्त अशा गोष्टींची जिथे खरा धोका नेहमीइतकाच आहे. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी परत जाणं ही कसली पायरी नाही.

घरच्यांची नेहमीची चूक दोन टोकांची. एक, "चल बस मागे, काही होत नाही" म्हणून सरळ आठव्या पायरीवर. दुसरी, लाडानं. तो गाडी चालवत नाही म्हणून गाडीच विकली, तिला गर्दी नको म्हणून भाजी, बँक, शाळेची मीटिंग सगळं दुसऱ्यानं करायचं, टीव्ही बंद, मिक्सर बंद. महिनाभर बरं वाटतं, मग जग एका खोलीएवढं होतं. मला विचाराल तर दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती चूक वाटतच नाही.

मधेच झटका आला, म्हणजे माणूस एकदम त्या घटनेत परत गेला, तर

हे सगळ्यांना पाठ हवं, मुलांनासुद्धा.

१. मागून धरू नका, हलवू नका, ओरडू नका. समोर, दोन हात अंतरावर, नजरेत येईल असं उभं राहा.
२. नाव घेऊन, हळू पण ठाम आवाजात: "सुनीता, मी आई. आज गुरुवार. आपण आपल्या स्वयंपाकघरात आहोत. ते होऊन गेलं." एवढंच, पुन्हा पुन्हा.
३. डोळे उघडे ठेवायला सांगा. दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायला लावा, मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन. फरशीवर पाय घट्ट दाबायला सांगा. हातात थंड पाण्याचा तांब्या द्या.
४. श्वास लांब सोडायला सांगा. "खोल श्वास घे" म्हटलं की घाबरलेला माणूस भराभरा घेतो आणि अजून चक्कर येते, म्हणून सोडण्यावर भर.
५. संपल्यावर लगेच "काय दिसलं?" विचारू नका. पाणी, बसणं, थोड्या वेळानं वहीत नोंद.

रात्री स्वप्नात ओरडत असेल तर लाइट लावा आणि पायाकडून हाक मारा. छातीवर हात ठेवून उठवायला गेलात तर गुद्दा बसू शकतो, आणि मग त्याचं वाईट त्यालाच जास्त वाटतं.

टप्पा ६: कामावर, सणांत आणि त्या तारखेला

कामावर परत जाताना अर्धा दिवस किंवा हलकी शिफ्ट मागता आली तर मागा. ऑफिसला किती सांगायचं ते पेशंट ठरवेल, सर्टिफिकेटवर काय लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, नाहीतर एचआरला कळून मग कॅन्टीनपर्यंत जातं.

सणांचं प्लॅनिंग आधीच करा. दिवाळीतले सुतळी बॉम्ब, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, आणि रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, गर्दी, पाण्याचे फवारे, डीजे, माणूस माणसाला चिकटलेला. पहिल्या वर्षी गेरमध्ये नेऊन "बघ किती मजा" करू नका आणि घरात कोंडूनही ठेवू नका. थेरपिस्टला आधीच विचारा की हे शिडीत कुठे बसतं. गच्चीवरून बघणं ही एक पायरी होऊ शकते, दिवाळीत आधी लांबून फुलबाजी, मग आवाज. निघायची वाट आणि खूण आधी ठरलेली असावी.

घटनेची तारीख जवळ आली की एक-दोन आठवडे आधीपासून झोप बिघडू शकते. त्याला रोग उलटला असं लगेच समजू नका. त्या आठवड्यात मोठे निर्णय नकोत, शक्य असेल तर थेरपिस्टचं एखादं सेशन आधीच घेऊन ठेवा. पण पंधरा-वीस दिवसांनीही खाली बसलं नाही, किंवा टाळाटाळ परत वाढली, तर वही काढून परत दाखवायला जा. पूर्वी ज्या थेरपीनं फायदा झाला तिची थोडी सेशन पुन्हा घेता येतात, पहिल्यापासून सगळं करावं लागत नाही बहुतेक वेळा.

कोर्टात क्लेमची केस चालू असेल तर तारखेची नोटीस आली की थेरपिस्टला सांगा, उभं राहून पुन्हा सगळं सांगावं लागणार असतं, त्याची तयारी करून घेता येते. उपचाराचे सगळे कागद, बिलं, प्रिस्क्रिप्शन एका फाइलीत तारखेप्रमाणे लावा, वकील मागतातच.

आणि जो रात्री उठून बसतो सोबत, त्याची पाळी लावा. एकट्या बायकोवर किंवा आईवर सगळं टाकू नका, आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी त्या खोलीत झोपायचं आणि तिनं दार लावून दुसरीकडे. ती स्वतः त्याच गाडीत होती का हे पण विचारा, कारण बरेचदा असते आणि तिची वही कुणी घातलेलीच नसते.